एक प्रकारचे झाड

मराठीच्या मार्गदर्शिकांत, 'शब्दार्थ' या सदरात, आणि पुष्कळदा संपादित काव्यसंग्रहांच्या टिपांतही, तीन शब्दांचा एक मजकूर वर्षानुवर्षे न बदलता छापला जातो: 'एक प्रकारचे झाड'. तरवड म्हणजे एक प्रकारचे झाड. उंबर म्हणजे एक प्रकारचे झाड. तेरडा आणि कुर्डू यांना थोडी बढती मिळते, ती 'एक प्रकारचे फुलझाड' इतकीच. केवडा हे 'एक सुवासिक फूल' असते आणि आघाडा ही 'एक वनस्पती'. 'पैठण' या शब्दापुढे 'एक प्रकारचे गाव' किंवा 'तुकाराम' या शब्दापुढे 'एक प्रकारचा माणूस' असे कोणी छापले, तर त्या संपादकाची आपण गय करणार नाही. झाडाच्या बाबतीत मात्र हीच टीप आपण शांतपणे वाचतो, फळ्यावर लिहून देतो आणि परीक्षेत तिला एक गुणही देतो.

आम्ही मराठी शिकवतो. या तीन शब्दांविरुद्ध आमची तक्रार केवळ आळसाची नाही. साहित्यातील वनस्पती ही शोभेची वस्तू आहे, तिच्या जागी दुसरी कोणतीही ठेवली तरी चालेल, असा एक वाङ्मयीन सिद्धान्तच या टिपेत दडलेला आहे. आणि तो कोणी कधी मांडलेला नसल्यामुळे त्याचे खंडन करण्याची वेळही कोणावर आलेली नाही. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. वनस्पतीचे नाव, तिचे मूळ, तिचा उपयोग आणि तिची निगा या चारही गोष्टी संहितेच्या अर्थात भाग घेतात. त्या वगळून केलेले वाचन अपुरे राहते आणि कित्येकदा सरळ चुकते.

बालकवींच्या 'औदुंबर'पासून आरंभ करू. आठ ओळींची ही कविता मराठी समीक्षेने जितकी वाचली तितकी फारच थोड्या कवितांच्या वाट्याला आली असेल. हे शुद्ध निसर्गचित्र आहे की प्रतीक, तो वृक्ष विरक्त आहे की उदास, यावर पिढ्यानुपिढ्या चर्चा झाली आणि ती मोलाचीही आहे. पण आमच्या वर्गांतून ही चर्चा 'हे झाड औदुंबरच का?' या प्रश्नाला वळसा घालूनच होते. त्या जागी वड का नाही, पिंपळ का नाही, आंबा का नाही? वृत्तात बसतो म्हणून, असे उत्तर मिळाले तर ते उत्तर नव्हे, पळवाट आहे.

उंबर हे मुळात पाण्याचे झाड. ओढ्याच्या काठाला, नदीच्या थडीला, विहिरीच्या कडेला ते आपसूक उगवते. जेथे उंबर तेथे जमिनीत पाणी, ही समजूत केवळ गावकऱ्यांची नाही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त भूजल शोधण्याच्या खुणा सांगणारे 'दकार्गल' नावाचे प्रकरण आहे आणि त्यात ज्या वृक्षांवरून पाण्याचा अदमास घ्यावा म्हटले आहे त्यांत उदुंबर आहे. म्हणजे बालकवींनी झाडाला पाण्याशी बसवले ही कल्पनेची भरारी नव्हे. झाडाचा स्वभावच त्यांनी कवितेत घेतला. त्यावर 'गुरुचरित्रा'च्या एकोणिसाव्या अध्यायातली औदुंबर-माहात्म्याची कथा ठेवून पाहावी. हिरण्यकश्यपूला विदारून नरसिंहाच्या नखांना विषाचा दाह झाला आणि तो शमला उंबराच्या फळांनी. दाह शमवणारा, पाण्याकाठी थांबलेला, दत्ताच्या वास्तव्याचा वृक्ष. कृष्णेकाठचे औदुंबर हे गावच त्याच्या नावाचे. शिवाय संस्कृतात 'उदुंबर' हा शब्द झाडाचा जसा, तसा घराच्या उंबऱ्याचाही वाचक आहे. घर आणि बाहेर यांच्या मधोमध असलेल्या जागेला त्या झाडाचे नाव आहे. आता पुन्हा त्या आठ ओळींकडे जावे. विरक्ती की उदासी हा वाद त्यामुळे संपणार नाही, पण तो हवेत न राहता जमिनीवर येईल.

याच झाडाने मराठीला 'उंबराचे फूल' हा वाक्प्रचार दिला. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो, ते का? कारण उंबराचे फूल बाहेरून दिसतच नाही. ज्याला आपण उंबर म्हणून खातो ती बंद कुपी असते आणि शेकडो बारीक फुले तिच्या आतल्या अंगाला असतात. एका सूक्ष्म गांधीलमाशीसारख्या कीटकाची मादी टोकाच्या छिद्रातून आत शिरते, परागीभवन करते आणि तेथेच अंडी घालते. म्हणून पिकलेले उंबर फोडले की चिलटे उडतात. म्हणूनच 'उंबर फोडून केंबरे काढणे' हा दुसरा वाक्प्रचार. झाकलेले आहे ते झाकलेलेच राहू द्यावे, हा व्यवहार भाषेने उंबराकडून शिकलेला आहे. हे सारे शेतात वावरणाऱ्याला ठाऊक असते. आम्ही वाक्प्रचाराचा अर्थ पाठ करून घेतो आणि वाक्प्रचार जेथून आला ते झाड मात्र 'एक प्रकारचे' म्हणून हद्दपार करतो.

मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची आवृत्ती उघडून पाहावी. तेथे 'उंबर' या शब्दापुढे झाडाचे त्या काळचे शास्त्रीय नाव, 'फायकस ग्लोमेराटा', दिलेले आहे. आज शास्त्रज्ञ त्याला 'फायकस रेसिमोसा' म्हणतात, इतकाच काय तो फरक. परभाषक कोशकाराने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जी काळजी घेतली ती आपल्या भाषेच्या मार्गदर्शिका आज घेत नाहीत.

या प्रकाराची किंमत कोण मोजतो? एका परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आमच्यापुढे याच कवितेवरचे एक उत्तर आले. विद्यार्थ्याने लिहिले होते की उंबर ओढ्यालाच असतो, त्याच्या बुंध्यालाच फळे लागतात, आणि त्यांच्या गावी उन्हाळ्यात गुरे आणि माणसे त्याच्याच सावलीला बसतात. म्हणून कवीला तो थकलेला न वाटता बसलेला वाटला असावा. मार्गदर्शिकेतले एकही वाक्य त्या उत्तरात नव्हते. फेरतपासणीत त्या परिच्छेदाच्या समासात 'विषयांतर' असा शेरा पडला. आम्ही हरकत घेतली, ती नोंदवली गेली नाही. ज्याला झाड ठाऊक होते त्याला गुण नाहीत आणि ज्याने ते कधी पाहिले नाही, पण 'गूढरम्य' हा शब्द तीनदा वापरला, त्याला आहेत. खेड्यातून आलेल्या मुलाचे ज्ञान मराठीच्या वर्गाच्या दारात उतरवून ठेवायला लावणे हा साहित्याच्या अध्यापनाचा भाग कधीपासून झाला, हे आम्हांला कोणी तरी सांगावे.

आता नावांकडे वळू. 'चाफा' हा शब्द घ्या. सोनचाफा हा आपल्याकडचा मोठा वृक्ष. पिवळी, दाट गंधाची फुले. हिरवा चाफा हा खरे तर आधाराने चढणारे झुडूप. सीताफळाच्या कुळातला, फूल पानांत असे मिसळलेले की डोळ्यांआधी ते नाकाला सापडते. नागचाफा वेगळ्या कुळाचा, लोखंडासारख्या कठीण लाकडाचा. भुईचाफा तर हळदीच्या कुळातला. पाने येण्याआधी त्याचे फूल जमिनीतूनच वर येते. आणि देवळाच्या आवारात, समाधीपाशी, उन्हाळ्यात निष्पर्ण फांद्यांच्या टोकांवर पांढरी फुले धरून उभा असतो तो पांढरा चाफा, म्हणजे खुरचाफा. फांदी मोडली की चीक गळतो. पाच झाडे, पाच वेगळ्या घराण्यांतली, आणि नाव एक. कवी 'बी' यांची 'चाफा' ही कविता शिकवताना चाफा म्हणजे आत्मा की प्रियकर यावर तास खर्च होतो. त्याआधी पाच मिनिटे, कोणत्या चाफ्याने कविता कशी बदलते, एवढे विचारून पाहावे. पानांत दडून बसणारा चाफा आणि निष्पर्ण होऊन उभा राहणारा चाफा यांचे मौन एकच असेल काय?

येथेच मुळाचा प्रश्न येतो. पांढरा चाफा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला. युरोपीय जहाजांनी दोन्ही गोलार्ध जोडल्यानंतरच तो आपल्याकडे येऊ शकला. त्यामुळे यादवकालीन संहितेत चाफा किंवा चंपक भेटला, तर देवळापुढचा आजचा पांढरा चाफा डोळ्यांसमोर आणणे हे निव्वळ कालविपर्यासाचे वाचन होय. झाडाचे मूळ हा वनस्पतिशास्त्राच्या वहीतला तपशील नाही. तो पाठचिकित्सेचा पुरावा आहे.

हा पुरावा किती दूर नेऊ शकतो हे पाहायचे असेल तर अरणच्या सावता माळ्याच्या नावावर असलेला, भाजीच्या मळ्यात विठ्ठल पाहणारा तो सर्वांना मुखोद्गत अभंग आठवावा. त्यात मिरची येते. सावतोबांच्या समाधीचे वर्ष परंपरेने शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५ मानले आहे. मिरची ही वनस्पती अमेरिकेतली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली आणि वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. त्याआधी या देशातल्या कोणत्याही मळ्यात मिरचीचे रोप नव्हते. मग तेराव्या शतकातल्या माळ्याच्या वाफ्यात ती कशी?

एक उत्तर असे दिले जाईल की 'मिरची' हा शब्द 'मिरी'शी नाते सांगतो आणि मूळ उल्लेख काळ्या मिरीचा असावा. शब्दांचे नाते खरे आहे. पण मिरीचा वेल दमट हवेचा, सावलीचा, भरपूर पावसाचा. मलबारात आणि कोकणात तो वाढतो. अरण आहे माढा तालुक्यात, सोलापूरच्या कोरड्या मुलखात. मसाल्याच्या पुरचुंडीत तेथे मिरी असेल, मळ्याच्या वाफ्यात नाही. आणि अभंगाचा सारा आशय तर 'माझ्या हाताने पिकते तेच माझे दैवत' असा आहे. म्हणजे भाषाशास्त्राने सुचवलेली वाट येथे शेतीचे ज्ञान बंद करते. उरते ती शक्यता एवढीच, की हा अभंग, निदान त्यातला हा शब्द, सोळाव्या शतकाच्या अलीकडचा आहे. दिंडीत गाता गाता कोणा वारकऱ्याने आपल्या वाफ्यातले नवे पीक त्यात लावले असेल.

यात सावतोबांचा अवमान आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी एकनाथांचे स्मरण करावे. १५८४ साली त्यांनी 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध केली, ती भक्तीपोटीच. आम्हांला तर त्या मिरचीमुळे अभंग अधिक जिवंत वाटतो. मळ्यातले पीक बदलले तसा अभंग बदलला. संहितेचा मळा पडीक राहिला नाही. पण हे सौंदर्य दिसण्यासाठी मिरची 'एक प्रकारची भाजी' नव्हे, तिला जन्मगाव आणि प्रवास आहे, हे ठाऊक असावे लागते. मध्ययुगीन वाङ्मयाच्या पदव्युत्तर वर्गात हा साधा प्रश्न किती ठिकाणी विचारला जातो?

मुळाचा विषय काढला की दुसऱ्या बाजूने एक आवाज येतो, आणि त्यालाही येथेच उत्तर दिले पाहिजे. तो आवाज म्हणतो: बरोबर, मूळ तपासा, आणि जे परके निघेल ते उपटून टाका, बागेतून आणि कवितेतूनही. हल्ली या आवाजाला जोर चढलेला आहे. साहित्यात ज्याला 'देशीपणा' म्हणतात तो शब्द झाडांच्या पाठीवर चिकटवून जन्मदाखले मागितले जातात. या मंडळींना आमची विनंती, की त्यांनी आधी आपल्या देव्हाऱ्यापासून सुरुवात करावी. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. तेथे नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या स्मरणदिनी याच फुलांच्या वाटा घातल्या जातात. निशिगंध हे नाव अस्सल संस्कृत, झाड मात्र तेही मेक्सिकोचे. सीताफळ आणि रामफळ या दोघांचेही मूळ अमेरिकेत. रामायणातल्या वनवासाशी त्यांचा संबंध आपण नावाने जोडला. गुलबक्षी, कर्दळ, बोगनवेल, काजू, पेरू, पपई ही सारी त्याच खंडातली मंडळी. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्कर बेटावरची. पत्र्याच्या डब्यातही वाढणाऱ्या त्या सदाफुलीपासून कर्करोगावरची 'विनब्लास्टिन' आणि 'विनक्रिस्टिन' ही औषधे मिळाली. चिंचेचे मूळ आफ्रिकेत, पण ती इतक्या जुन्या काळी आली की अरबांनी तिला हिंदुस्थानचा खजूर, 'तमर हिंदी', म्हटले. संस्कृत नाव हा जन्माचा दाखला नसतो, तो दत्तकपत्राचा कागद असतो. नाव देणे, सणात जागा देणे, म्हणीत बसवणे ही भाषेची दत्तकविधाने आहेत आणि मराठीने ती मोकळ्या हाताने केली आहेत.

उलट बाजूही पाहावी. आपली बाभूळ, ग्रामीण साहित्यातली ती अस्सल काटेरी माउली, सावली आणि चारा यांसाठी ऑस्ट्रेलियात नेण्यात आली. आज क्वीन्सलँडच्या गवताळ प्रदेशात तिने असा उच्छाद मांडला आहे की ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय पातळीवर घातक ठरवलेल्या तणांत तिची गणना होते. आणि आपण त्याच देशातला अकेशिया आणून कोकणात आणि रस्त्यांच्या कडेला लावला व त्याला 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' म्हटले. देशी म्हणजे सोज्ज्वळ आणि परके म्हणजे घातक, हे समीकरण इतके बाळबोध नाही. प्रश्न जन्माचा नसून वर्तनाचा आहे. झेंडू पेरल्याशिवाय उगवत नाही. घाणेरी, रानमोडी, जलपर्णी यांना पेरावे लागत नाही. त्या इतरांची जागा खातात. हा फरक लोकभाषेने कधीच ओळखला होता. 'रानमोडी' या एका नावात रान मोडणाऱ्या वनस्पतीवरचा सबंध अभिप्राय आहे.

गाजरगवताची गोष्टही या संदर्भात उद्बोधक आहे. पुण्यात या तणाची नोंद १९५५ सालची. त्याला 'काँग्रेस गवत' म्हणतात. नावाचे कारण कोणी त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाशी जोडतो, कोणी त्याच्या पांढऱ्या टोपीसारख्या फुलांशी. ते पी. एल. ४८०च्या अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे व्याख्यानांतून आणि लेखांतून बिनदिक्कत सांगितले जाते. पण त्या कायद्याखालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे. अमेरिकेतून धान्य १९५१ सालीही आले होते, तेव्हा धान्यातून बी येणे अशक्य नाही. मात्र रूढ कथा आहे तशी तारखांना उतरत नाही. लोकांनी राजकीय संतापाला एका तणाचे नाव दिले आणि तणाला एका पक्षाचे. ही समकालीन लोककथा आहे, वाङ्मयाच्या अभ्यासकाने हातात घ्यावी अशी. ती आपण 'एक प्रकारचे गवत' म्हणून सोडून देतो.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा निगेचा. मराठी कवितेत 'बहर' हा शब्द आला की आम्ही आनंद, यौवन, समृद्धी असे अर्थ उलगडतो. शब्द फारसीतल्या 'बहार'चा, अर्थ वसंत, येथवर ठीक. पण डाळिंब, संत्री, मोसंबी पिकवणारा शेतकरी हाच शब्द वेगळ्या क्रियापदाबरोबर वापरतो. तो 'बहार धरतो'. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार असे तीन बहार; त्यांतला कोणता धरायचा ते पाणी आणि बाजार पाहून ठरते. आणि बहार धरायचा म्हणजे आधी 'ताण द्यायचा'. झाडाचे पाणी कित्येक आठवडे तोडायचे, पाने पिवळी पडून गळू द्यायची, झाड मरणार की काय असे वाटेपर्यंत थांबायचे. मग मशागत, खत आणि पाणी. तेव्हा ते फुलून येते. मोगऱ्याचेही असेच, थंडीत पाणी कमी करून छाटणी केली तर उन्हाळ्यात कळ्यांनी लगडतो, लाड केले तर नुसता पानांनी माजतो. म्हणजे ज्यांनी झाडे वाढवली त्यांच्या अनुभवात बहर हा निव्वळ सुखाचा शब्द नाही. त्याच्या पोटात तहान आहे. हा अर्थ विद्यार्थ्यांपुढे ठेवून एखादी प्रेमकविता पुन्हा वाचून पाहावी.

तुळशीचेही तसेच. वृंदावन, पावित्र्य, स्त्रीचे सोशिकपण ही प्रतीके आम्हांला पाठ असतात. तुळशीच्या मंजिऱ्या घरातली बाई का खुडत असे, हे ठाऊक नसते. तुळस मंजिरीवर आली, बी धरू लागली की तिची पाने लहान होतात, खोड काष्ठ होते, रोप उतरणीला लागते. मंजिरी वेळेवर खुडली तर ती अधिक काळ हिरवी राहते. बी धरू न देता हिरवी ठेवलेली तुळस, आणि ती तशी ठेवणारी घरातली बाई! येथे प्रतीकाला केवढी धार येते, हे स्त्रीवादी समीक्षेच्या अभ्यासकांना आम्ही वेगळे सांगायला नको. पण ती धार मंजिरी खुडणाऱ्या बोटांच्या ज्ञानातून येते, प्रतीककोशातून नव्हे.

आळे करणे, खुरपणे, मातीची भर देणे, आधार लावणे, खुडणे, छाटणे, कलम बांधणे, ताण देणे, जगवणे: मराठीत निगेची क्रियापदे किती आहेत आणि ती किती सूक्ष्म आहेत! सार्वजनिक व्यवहारात मात्र आता एकच क्रियापद उरले आहे, 'लावणे'. २०१९ साली आपल्या राज्यात ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. आकडा कोणालाही आठवतो. कोणती रोपे, हे कोणी विचारले नाही आणि जगवली किती, हा तर क्रियापदच बदलणारा प्रश्न. महाविद्यालयांच्या आवारात दर पावसाळ्यात होणाऱ्या समारंभाचे वृत्त मराठी विभागाकडूनच लिहून घेतात. त्या वृत्तात 'विविध प्रकारची झाडे' हे शब्द असतात. वर्गातली 'एक प्रकारचे झाड' ही टीप बाहेर जाऊन अनेकवचनी होते, ती अशी. ज्या भाषेच्या शिक्षकांना रोपांची नावे लिहिण्याची गरज वाटत नाही, त्या भाषेत ती रोपे मेली तरी त्यांची नोंद कोण करणार?

आता आक्षेप. आम्हांला सांगितले जाईल की साहित्य म्हणजे वनस्पतिशास्त्र नव्हे. कवितेतले झाड हे कवितेतलेच असते, रानातले नसते. संहितेबाहेरची माहिती आणून सौंदर्यानुभवाचा भंग करू नये. स्वायत्ततेचा हा युक्तिवाद आम्हांला परका नाही, आम्हीही तो शिकवतो. पण त्याचा उपयोग येथे सोयीने केला जातो. पौराणिक संदर्भ आला की हेच समीक्षक संहितेबाहेर जातात आणि कथा सांगतात. ऐतिहासिक उल्लेख आला की सनावळी देतात. युरोपीय पडसाद दिसला की मूळ कवीचे नाव घेतात. बाहेर जाणे झाडापाशी आले की तेवढे अप्रस्तुत कसे ठरते? शब्द संहितेत येतो तो आपला व्यवहार बरोबर घेऊनच येतो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण ज्याने तेरड्याची फुले उमलून कोमेजताना पाहिलीच नाहीत, आणि गौरीच्या सणात तो तीन दिवसांची गौर होऊन घरी येतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती फक्त 'क्षणभंगुरता' या अमूर्त नामापर्यंत नेते. प्रतीक वस्तूवर उभे असते. वस्तू काढून घेतली की उरते ते सुभाषित.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: हे सारे शिकवणार कोण, आणि शिकणार कोठून? साधने नाहीत असे कोणी म्हणू नये. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची 'फ्लोरा' १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली, तीत वनस्पतींची देशी नावे नोंदवलेली आहेत. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ पासून आपल्यापुढे आहे. औषधशास्त्राच्या अध्यापक असलेल्या शरदिनी डहाणूकरांनी 'वृक्षगान' आणि 'फुलवा' लिहिली. २०२५ साली निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी रानातले शब्द गोळा करण्यात आयुष्य घातले. २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन आपण त्यांचा गौरव केला आणि त्यांचे शब्द मात्र शब्दार्थांच्या सदरात घेतले नाहीत. या सर्वांना 'ललित गद्य' या कप्प्यात ठेवून आपण मोकळे झालो. ते वाचायचे रंजनासाठी. कविता शिकवताना संदर्भ म्हणून नाही. आता तर पानाचे छायाचित्र घेतले की शास्त्रीय नाव सांगणारी साधने विद्यार्थ्यांच्या खिशात आहेत. त्यांच्याकडून लॅटिन नाव मिळेल. आजीकडून मराठी नाव, माळ्याकडून निगा आणि जुन्या ग्रंथातून प्रवास मिळेल. या चौघांना एकत्र बसवणे हे काम भाषेच्या शिक्षकाचे आहे, दुसऱ्या कोणाचे नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि अगदी घरगुती आहेत. पाठ्यपुस्तकांच्या आणि संपादित आवृत्त्यांच्या टिपांत 'एक प्रकारचे' हे शब्द निषिद्ध मानावेत. वनस्पतीची टीप द्यायची तर ती कोठली, कोठे उगवते, केव्हा फुलते आणि तिचे लोक काय करतात, एवढे दोन ओळींत द्यावे. दोन ओळींची जागा प्रत्येक पानावर असते. मध्ययुगीन वाङ्मयाच्या अभ्यासात वनस्पतींचे आगमनकाल हा पाठचिकित्सेचा एक निकष म्हणून शिकवावा. संशोधनासाठी 'अमुक कवीच्या कवितेतील निसर्ग' हा विषय मान्य करण्यापूर्वी उमेदवाराने त्या कवितेतल्या निम्म्या तरी वनस्पती प्रत्यक्ष पाहिल्या आहेत काय, हे विचारावे. आणि उत्तरपत्रिकेत एखाद्या मुलाने आपल्या ओढ्यावरचे झाड लिहिले, तर ते विषयांतर मानू नये. कवितेचा विषय बहुधा तेथूनच सुरू होतो.

यांतील पहिल्या मागणीसाठी शासनाच्या परिपत्रकाची किंवा समितीच्या शिफारशीची वाट पाहावी लागत नाही. येत्या सत्रात जी कविता शिकवायची आहे तिच्यातली झाडे मोजावीत आणि तासाला जाण्यापूर्वी त्यांतले निदान एक पाहून यावे. उंबर असेल तर तो बहुधा जवळच्या पाण्याकाठी आहेच.